देशाच्या छातीवर नाव कोणाचे?

माळशिरस तालुक्यातील वेळापूर हे गाव दोन गोष्टींसाठी ओळखले जाते. एक, तेथील अर्धनारी नटेश्वराचे प्राचीन मंदिर आणि दुसरी, गावच्या मातीत खेळला जाणारा खो-खो. ज्ञानेश्वर माऊलींची पालखी दर आषाढात नातेपुते, माळशिरस असे मुक्काम करीत या गावी येते. 19 जानेवारी 2025 रोजी मात्र वेळापूरकरांचे लक्ष दिल्लीकडे लागले होते. इंदिरा गांधी क्रीडागारात पहिल्या खो-खो विश्वचषकाचा अंतिम सामना चालू होता आणि नेपाळविरुद्ध खेळणाऱ्या भारतीय संघात वेळापूरचा रामजी कश्यप होता. पुरुषांनी तो सामना 54 विरुद्ध 36 गुणांनी जिंकला. त्याच दिवशी महिलांनीही नेपाळवर 78 विरुद्ध 40 असा विजय मिळवला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. 1914 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने ज्या खेळाचे नियम बांधले, तो खेळ एका शतकाहून अधिक काळानंतर जगाच्या व्यासपीठावर उभा राहिला, याचा आनंद कोणालाही वाटावा असाच आहे.

या आनंदाच्या भरात एका साध्या गोष्टीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ती म्हणजे त्या खेळाडूंच्या अंगावरची जर्सी. निळ्या रंगाच्या त्या जर्सीवर 'भारत' हे नाव ठळकपणे मिरवत होते. या राष्ट्रीय संघाच्या पालकत्वासाठी ओडिशा सरकारने तीन वर्षांकरिता 15 कोटी रुपये देण्याचा निर्णय त्याच महिन्यात घेतला होता. खेळ महाराष्ट्राच्या मातीतला, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे आणि पालकत्व ओडिशाचे! यात ओडिशाला दोष देण्याचे काही कारण नाही. उलट 2018 पासून हॉकी संघाचा भारही त्याच राज्याने उचलला आहे. प्रश्न इतकाच आहे की, राष्ट्रीय संघाचा गणवेश ही वस्तू नेमकी कोणाची? ती कोणी ठरवायची, कोणी शिवायची, तिच्यावर कोणाचे नाव असावे आणि ती घालून मैदानात उतरण्याची संधी कोणाला मिळावी? हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु सार्वजनिक जीवनातील मालकीचा जो मूळ प्रश्न आहे, त्याचेच हे एक रूप आहे.

भारतीय संघांच्या गणवेशाचा इतिहास या दृष्टीने तपासून पाहण्यासारखा आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या ऑलिंपिकमध्ये, 1948 साली लंडनला, भारताचा फुटबॉल संघ फ्रान्सविरुद्ध उतरला तेव्हा त्यातील बहुतेक खेळाडू अनवाणी होते. तालिमेरेन आव यांच्या नेतृत्वाखालील त्या संघाने दोन पेनल्टी वाया घालवल्या आणि केवळ 2-1 अशा फरकाने सामना गमावला. 1950 च्या विश्वचषकासाठी भारत ब्राझीलला गेला नाही, त्याचे कारण अनवाणी खेळण्यास मनाई हे होते, अशी कथा वर्षानुवर्षे सांगितली गेली. संघाचे कर्णधार शैलेन मन्ना यांनीच पुढे ती मोडीत काढली. त्या स्पर्धेचे महत्त्व क्रीडाधुरिणांना उमगले नव्हते, हेच त्यामागचे खरे कारण होते. गरिबाच्या अनवाणी पायावर दोष ढकलून वरिष्ठांची बेफिकिरी झाकायची, ही रीत काही फक्त शेतीत आणि गिरणीतच असते असे नाही. 1952 साली हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने भारताचा 10-1 असा पाडाव केला, त्यानंतर बूट सक्तीचे झाले. चार वर्षांनी मेलबर्नला भारत चौथा आला आणि 1962 साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळाले. साधने हाती आली की हाच माणूस काय करू शकतो, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

त्या काळी राष्ट्रीय गणवेश हे बाजारातील जिन्नस झाले नव्हते. पुढे हे चित्र पालटले. फुटबॉल संघाचा गणवेश 2006 पासून 2018 पर्यंत नायकी या अमेरिकन कंपनीकडे होता. त्यानंतर सिक्सफाइव्हसिक्स ही देशी कंपनी आली आणि 2023 साली ते काम रिलायन्स उद्योगसमूहाच्या परफॉरमॅक्सकडे गेले. विदेशी कंपनी जाऊन देशी कंपनी आली, याचा अभिमान बाळगावा असे कोणी म्हणेल. परंतु मालक देशी झाला म्हणजे मालकी लोकांची झाली, असे होत नाही. स्वदेशीच्या चळवळीने हा धडा फार पूर्वी शिकवलेला आहे.

क्रिकेटच्या जर्सीचा इतिहास तर भारतीय भांडवलशाहीची वंशावळ म्हणून वाचता येईल. बारा वर्षांच्या आसपास भारतीय खेळाडूंच्या छातीवर सहारा हे नाव होते. तो करार 2013 मध्ये संपला आणि पुढच्याच वर्षी त्या समूहाचे प्रमुख गुंतवणूकदारांच्या पैशांच्या प्रकरणात तुरुंगात गेले. मग दूरचित्रवाणीची एक कंपनी आली, मग मोबाइल विकणारी एक चिनी कंपनी. 2019 मध्ये मुलांच्या शिक्षणाचा धंदा मांडणारी बायजूज ही कंपनी आली. जर्सीच्या कराराचे सुमारे 158 कोटी रुपये थकल्यावरून क्रिकेट मंडळानेच तिला दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात खेचले. 2023 मध्ये ड्रीम इलेव्हन ही पैसे लावून खेळण्याच्या खेळाची कंपनी 358 कोटी रुपयांच्या करारावर आली. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि ती कंपनी एका रात्रीत बाजूला झाली. सप्टेंबरच्या आशिया चषकात भारतीय संघ कोणत्याही प्रायोजकाच्या नावावाचून खेळला.

त्या कोऱ्या जर्सीने कोणाचे काय बिघडले? धावा कमी झाल्या नाहीत, प्रेक्षक घटले नाहीत. भारताने ती स्पर्धा जिंकली. उलट, छातीवर केवळ देशाचे नाव असले तरी खेळ चालतो, एवढी गोष्ट कोट्यवधी लोकांनी उघड्या डोळ्यांनी पाहिली. पण ही संधी विचारासाठी वापरण्याऐवजी मंडळाने निविदा काढल्या आणि त्याच महिन्यात टायर बनविणाऱ्या एका कंपनीशी 2028 पर्यंतचा 579 कोटी रुपयांचा करार केला. जो कायदा संसदेला 2025 मध्ये करावासा वाटला, त्यातील दुष्परिणाम दोन वर्षांपूर्वी काय कोणाला ठाऊक नव्हते? ज्या व्यवहारापायी गावोगावच्या तरुणांच्या खिशाला भोक पडले, त्याचीच जाहिरात देशाच्या नावावर, देशाच्या लाडक्या खेळाडूंच्या छातीवरून दिवसरात्र होत होती. याची जबाबदारी कोणीही घेतलेली नाही.

यावर एक ठराविक उत्तर दिले जाते: पैशावाचून खेळ चालत नाही. ते अर्धसत्य आहे. फुटबॉलच्या विश्वचषकात राष्ट्रीय संघांच्या जर्सीवर प्रायोजकाची जाहिरात चालत नाही. गणवेश बनवणाऱ्याचे चिन्ह तेवढे असते. ऑलिंपिकमध्येही तसेच आहे. क्रिकेटच्या विश्वचषकात देशाचे नाव छातीवर आणि प्रायोजक बाहीवर, असा नियम आहे. म्हणजे मर्यादा घालता येते आणि घातली की ती पाळलीही जाते. ज्यांच्या तिजोऱ्या तुडुंब भरलेल्या आहेत ते क्रिकेट मंडळ ही मर्यादा सर्व सामन्यांना लागू करू शकत नाही, असे मानण्यास जागा नाही. ज्या खेळांपाशी पैसा नाही, तेथे ओडिशाप्रमाणे राज्याने, म्हणजे करदात्या जनतेने, भार उचलावा. मात्र तो भारही जाहिरातीच्या मोबदल्यात नसावा. शाळा किंवा दवाखाना बांधून त्यावर सरकारने आपली जाहिरात केली तर ते जसे खटकते, तसेच हेही खटकले पाहिजे.

गणवेशाच्या रंगावरून आणि नावावरूनही अलीकडे बरेच रण माजले. 30 जून 2019 रोजी इंग्लंडविरुद्धच्या विश्वचषक सामन्यात भारतीय क्रिकेट संघ केशरी रंगाच्या जर्सीत खेळला. दोन्ही संघ निळे असल्यामुळे एकाने रंग बदलणे भाग होते. रंग बदलण्याला तांत्रिक कारण होते, पण केशरीच का, यावर वाद झाला. पुढे जर्सीवर 'इंडिया'ऐवजी 'भारत' असावे, अशी मागणी झाली. राज्यघटनेच्या पहिल्याच अनुच्छेदाने दोन्ही नावे एकत्र स्वीकारली आहेत. त्यामुळे यांपैकी कोणतेही नाव कोणालाही परके नाही. 'भारत' हा शब्द तर मराठी माणसाच्या रोजच्या बोलण्यातला आहे. त्याला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु नाव बदलल्याने त्या नावाखाली उभे राहणाऱ्यांचे दैन्य बदलत नाही, हेही तितकेच खरे. वादाचा विषय कोणते नाव आणि कोणता रंग हा नसून, तो ठरवण्याचा अधिकार कोणाला, हा आहे.

या बाबतीत ब्राझीलचे उदाहरण बोलके आहे. 1950 च्या विश्वचषकात पांढऱ्या गणवेशात खेळताना मायदेशातच झालेला पराभव त्या देशाच्या जिव्हारी लागला. तेव्हा 1953 मध्ये एका वृत्तपत्राने नव्या गणवेशासाठी खुली स्पर्धा घेतली. राष्ट्रध्वजातील चारही रंग त्यात असावेत, एवढीच अट होती. आल्दिर गार्सिया श्ली या एकोणीस वर्षांच्या तरुणाचा आराखडा निवडला गेला आणि आज जगभर ओळखली जाणारी पिवळी जर्सी त्यातून जन्माला आली. एका सामान्य तरुणाने केलेली ती निर्मिती लोकांनी आपली मानली. पुढे याच देशात लष्करी राजवट असताना, 1982 मध्ये, सॉक्रेटिस आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या कोरिंथियन्स संघाने आपल्या जर्सीवर लोकांना मतदान करण्याचे आवाहन छापले. क्लबचे निर्णय खेळाडूंपासून नोकरवर्गापर्यंत सर्वांच्या मताने घेण्याचा प्रयोगही त्यांनी केला. त्याच पिवळ्या जर्सीला अलीकडच्या काळात एका उजव्या राजकीय गटाने आपली निशाणी बनवले, तेव्हा अनेक नागरिकांना ती घालणे नकोसे झाले. लोकांनी आपली म्हटलेली वस्तूही जागरूकता सोडली की हातची जाते, हा यातला इशारा आहे.

गणवेश कोण शिवतो, हा प्रश्न तर सोलापूर जिल्ह्याने विचारायचा नाही तर कोणी विचारायचा? 1877 साली सोलापुरात पहिली कापड गिरणी सुरू झाली. लोक तिला 'जुनी गिरणी' म्हणत. 1949 मध्ये मालकांनी ती बंद केली तेव्हा केंद्र सरकारने 1950 साली वटहुकूम काढून तिचा कारभार ताब्यात घेतला. एका भागधारकाने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने सरकारचे पाऊल वैध ठरवले. प्रजासत्ताकाच्या पहिल्याच वर्षात मालकीहक्कापेक्षा समाजाची आणि कामगारांची गरज मोठी असू शकते, हा मुद्दा सोलापूरच्या एका गिरणीमुळे देशापुढे आला, याचे आज कित्येकांना स्मरण नाही. आता त्या गिरण्यांचे भोंगे थांबले आहेत. चादर आणि टॉवेल यांनी सोलापूरचे नाव राखले आणि गेल्या काही वर्षांत शाळा-कारखान्यांचे गणवेश शिवण्याचा उद्योगही येथे वाढला आहे. त्यात शिवणयंत्रावर वाकून बसणाऱ्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत आणि नगावर मजुरी ही तेथील रीत आहे. देशाच्या संघांचे गणवेश अशा शहरांत, कामगारांच्या सहकारी संस्थांकडून, योग्य वेतन आणि भविष्यनिर्वाह निधीच्या हमीसह का शिवून घेतले जाऊ नयेत? ज्या तालुक्यात माळीनगरला 1930 च्या दशकात शेतकऱ्यांनी स्वतः एकत्र येऊन साखर कारखाना उभारला, त्या तालुक्याला सहकार म्हणजे काय, हे समजावून सांगण्याची गरज नाही. 2013 मध्ये ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक कामगार दगावले. ते जगातील नामांकित कंपन्यांचेच कपडे शिवत होते. कपड्यावरचे चिन्ह जितके चकचकीत, तितका त्यामागचा हात अदृश्य, हा अनुभव आहे.

स्त्री खेळाडूंच्या बाबतीत गणवेश हा थेट प्रतिष्ठेचा प्रश्न आहे. सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट मंडळावर नेमलेल्या प्रशासक समितीचे प्रमुख विनोद राय यांनी 2022 मध्ये सांगितले की, पुरुषांचे गणवेश कापून, पुन्हा शिवून महिला संघाला दिले जात होते आणि हे चालणार नाही, असे त्यांना कंपनीला सांगावे लागले. जगातील सर्वांत श्रीमंत क्रिकेट मंडळाची ही तऱ्हा! 2021 मध्ये नॉर्वेच्या महिला बीच हँडबॉल संघाने तोकड्या बिकिनीऐवजी साधी आखूड चड्डी घातली म्हणून त्यांना दंड झाला. जगभर निषेध झाल्यावर नियम बदलला. 2023 मध्ये इंग्लंडच्या महिला फुटबॉलपटूंनी मासिक पाळीच्या काळातील अडचण उघडपणे मांडली आणि पांढऱ्याऐवजी निळी चड्डी मिळवली. या गोष्टी परदेशातल्या म्हणून बाजूला ठेवण्याजोग्या नाहीत. ग्रामीण शाळेतील कित्येक मुली आठवी-नववीनंतर मैदानावर दिसेनाशा होतात, त्याला घरच्या बंधनांइतकेच न विचारता लादलेले गणवेश आणि मैदानाजवळ नसलेली स्वच्छतागृहे हेही कारण आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये नवी मुंबईत भारतीय महिलांनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकल्यावर त्यांचे गोडवे गाणाऱ्यांनी या कारणांकडेही पाहावे.

आणि शेवटी पायांचा प्रश्न उरतोच. 1948 चे अनवाणी फुटबॉलपटू हा आता इतिहास झाला, असे समजण्याचे कारण नाही. खो-खोचे मोठे सामने आता मातीऐवजी मॅटवर होतात. त्यासाठी वेगळे बूट लागतात, मॅट लागते, ती अंथरायला छप्पर लागते. गावातील मुलगा मातीत अनवाणी वाढतो आणि निवड चाचणीच्या वेळी पहिल्यांदा मॅटवर पाय ठेवतो. त्या चाचणीत जो मागे पडतो, तो गुणांनी कमी असतो असे नव्हे. वेळापूरचा एक खेळाडू देशाच्या संघात पोहोचला, त्यात त्याच्या आणि गावच्या क्रीडाप्रेमींच्या कष्टांचे श्रेय आहे. पण त्याच्यासारखे किती जण वाटेतच गळाले, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. राज्यकर्ते विजेत्यांचे सत्कार करतात. तालुक्याच्या ठिकाणी एक मॅट आणि बुटांचे शंभर जोड देणे हे सत्काराहून कमी खर्चाचे आणि अधिक उपयोगाचे काम आहे.

या सगळ्यात पुरोगामी चळवळीतील कार्यकर्त्यांनी स्वतःकडेही पाहिले पाहिजे. ग्रामीण महाराष्ट्रात आज कोणतीही स्पर्धा पाहावी: खेळाडूंच्या टी-शर्टवर पाठीमागे क्रमांक आणि पुढे कोणा आमदाराचा, सभापतीचा किंवा होऊ घातलेल्या उमेदवाराचा हसरा चेहरा. चषकाला नाव त्याचेच, मंडपाला नाव त्याचेच. कबड्डीचा संघ हा जणू प्रचाराचा चालता-बोलता फलक. वारीतही रेनकोट आणि टोप्यांवर नेत्यांची नावे दिसू लागली आहेत. ज्या वाटेवर सदाशिवनगरला आणि खुडूसला रिंगण रंगते, तेथे धावणाऱ्या वारकऱ्याचा पांढरा सदरा शतकानुशतके कोणाच्याही मालकीची निशाणी वाहत नव्हता. म्हणूनच तो सर्वांना सारखे करीत होता. मोठ्या भांडवलदाराने देशाच्या छातीवर नाव लिहिणे वाईट आणि स्थानिक पुढाऱ्याने गावच्या पोराच्या छातीवर चेहरा छापणे चांगले, असा दुटप्पीपणा समाजवादी विचाराला शोभत नाही. आणि हा मोह पक्षाच्या कार्यकर्त्यांना होत नाही, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

म्हणून काही मागण्या स्पष्टपणे मांडल्या गेल्या पाहिजेत. राष्ट्रीय संघाच्या जर्सीच्या छातीवर देशाच्या नावाखेरीज दुसरे नाव नसावे. 2025 मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला आहे. त्याखालील नियमांत ही तरतूद करता येईल. गणवेशाचा आराखडा खुल्या स्पर्धेतून आणि खेळाडूंच्या, विशेषतः स्त्री खेळाडूंच्या संमतीने ठरावा. सार्वजनिक पैशातून घेतले जाणारे गणवेश कामगार सहकारी संस्थांकडून घेण्यास प्राधान्य मिळावे. प्रत्येक तालुक्यात मॅट, बूट आणि मुलींसाठी सोयी असलेले क्रीडांगण हा हक्क मानला जावा. या मागण्या दिल्ली आणि मुंबईकडे पाठवण्यापूर्वी एक काम मात्र गावातच करता येईल: पुढच्या स्पर्धेत आपल्या संघाच्या सदऱ्यावर गावाचे नाव तेवढे छापावे. वर्गणी काढावी, प्रत्येकाकडून पाच-दहा रुपये घ्यावेत, गावच्याच शिंप्याकडून सदरे शिवून घ्यावेत आणि हिशेब चावडीवर लावावा.

असा सदरा महागड्या जर्सीइतका चमकणार नाही. पण तो घालून जो मुलगा किंवा मुलगी मैदानात उतरेल, ती कोणाच्या उपकाराखाली उतरणार नाही. तेथून देशाच्या संघापर्यंतचा रस्ता लांबचा आहे आणि त्या रस्त्यावर पडलेले धोंडे दूर करण्याचे काम खेळाडूंचे नसून चळवळीचे आहे.